ब्लॉकचेन : बिटकॉइनची व्यवहारनोंद व तिच्यावरील एकमत

ब्लॉकचेन : घडलेल्या सर्व व्यवहारांची क्रमवार लावलेली, कोणालाही तपासता येणारी आणि कोणा एकाच्या ताब्यात नसलेली सामाईक नोंदवही. बिटकॉइन या चलनामुळे ती प्रसिद्धीस आली. सातोशी नाकामोतो हे टोपणनाव घेतलेल्या व्यक्तीने किंवा गटाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी या चलनाची रचना मांडणारा नऊ पानांचा निबंध प्रसृत केला. पहिल्या ब्लॉकवर ३ जानेवारी २००९ ही तारीख आहे. त्यात त्याच दिवशीच्या लंडनच्या ‘द टाइम्स’मधील, बँकांना द्यायच्या सरकारी मदतीविषयीचा मथळा घातलेला आहे. ब्लॉक त्या तारखेच्या आधी बनवून ठेवलेला नव्हता, एवढे त्यावरून सिद्ध होते. बँकांना मारलेला टोमणाही लपत नाही.

डिजिटल नाण्याची मूळ अडचण अशी, की तेच नाणे दोघांना देता येते. बँकेत हा प्रश्न येत नाही; कोणता व्यवहार आधीचा, हे बँकच ठरवते. बँक वगळली, तर एकमेकांना न ओळखणाऱ्या हजारो संगणकांचे व्यवहारांच्या क्रमाबद्दल एकमत व्हावे लागते, आणि त्यांतले काही लबाड असणार हे धरूनच चालावे लागते. लॅम्पोर्ट, शोस्टाक व पीझ यांनी १९८२ मध्ये हाच पेच ‘बायझंटाइन सेनापतींचा प्रश्न’ म्हणून मांडला होता. नोंदी साखळीने जोडण्याची कल्पनाही नाकामोतोची नव्हे. स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांनी ती १९९१ मध्ये दस्तऐवजांवर कालमुद्रा उमटवण्यासाठी सुचवली. पुढे त्यांच्या कंपनीने अशा नोंदींचा सारांश दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छोट्या जाहिरातीच्या रूपात छापला. नाकामोतोच्या निबंधात अवघे आठ संदर्भ आहेत. त्यांपैकी तीन याच मंडळींच्या लेखनाचे आहेत.

नोंदीची रचना : बिटकॉइनच्या नोंदवहीत खातेदारांची शिल्लक कोठेही लिहिलेली नसते. असतात त्या फक्त आधी मिळालेल्या आणि अजून न खर्चलेल्या रकमा. एखाद्याला पूर्वी ०.७ बिटकॉइन मिळाले असतील आणि त्यांतून ०.५ द्यायचे असतील, तर ०.७ ची रक्कम अख्खी मोडावी लागते : ०.५ समोरच्याला, सुमारे ०.१९९९ परत स्वतःच्या पत्त्यावर आणि उरलेली किरकोळ रक्कम शुल्क म्हणून. फक्त मालकाकडे असलेल्या खासगी किल्लीने, म्हणजे गुप्त आकड्याने, केलेली डिजिटल सही असल्याशिवाय अशी रक्कम मोडत नाही. वॉलेटमध्ये दिसणारी ‘शिल्लक’ ही आपल्या किल्ल्यांनी उघडणाऱ्या अशा रकमांची ॲपने केलेली बेरीज असते.

व्यवहारांचा गठ्ठा म्हणजे ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकला ८० बाइटचे शीर्ष असते. आवृत्ती, आधीच्या ब्लॉकच्या शीर्षाचा हॅश, व्यवहारांचा मर्कल-मूळ हॅश, वेळ, काठिण्याचा आकडा आणि नॉन्स (हवा तसा बदलता येणारा आकडा) एवढेच त्यात मावते. हॅश म्हणजे कोणत्याही मजकुरावरून एसएचए-२५६ या रीतीने काढलेली २५६ बिटांची ठरावीक लांबीची खूण. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला, तरी ती पार बदलते. व्यवहारांचे हॅश दोन-दोन जोडून पुन्हा हॅश करत गेले, की शेवटी एकच उरतो, तोच मर्कल-मूळ. व्यापारी रोजकीर्दीत मागच्या पानाची बेरीज पुढच्या पानावर ओढतात, तशी येथे मागच्या ब्लॉकची खूण पुढच्यात ओढलेली असते. जुना व्यवहार बदलला, तर त्याच्या ब्लॉकचा हॅश बदलतो आणि त्यापुढची सगळी साखळी तुटते.

एकमत : तुटलेली साखळी पुन्हा जोडून घेणे महाग पडावे, यासाठी ‘कामाचा पुरावा’ मागितला जातो. शीर्षाचा हॅश ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान येईपर्यंत मायनर, म्हणजे ब्लॉक बनवू पाहणारा, नॉन्स बदलत राहतो. नॉन्सच्या चार बाइटांत सुमारे ४२९ कोटी आकडे बसतात; आजची यंत्रे ते क्षणार्धात संपवतात आणि मग ब्लॉकमधील पहिल्या व्यवहारात किंचित फेरफार करून नव्याने सुरुवात करतात. उत्तर शोधायला अफाट वीज लागते, पण सापडलेले उत्तर साधा संगणकही पटकन तपासतो. सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक निघावा, म्हणून दर २,०१६ ब्लॉकनंतर काठिण्य आपोआप कमी-जास्त होते. उत्तर शोधणाऱ्या मायनरला मिळणारे ब्लॉकमागचे बक्षीस ५० बिटकॉइनपासून सुरू झाले. दर २,१०,००० ब्लॉकनंतर निम्मे होत एप्रिल २०२४ मध्ये ते ३.१२५ वर आले.

दोन मायनरांना जवळपास एकाच वेळी उत्तर सापडले, तर साखळीला तात्पुरते दोन फाटे फुटतात. ज्या फाट्यावर एकूण काम जास्त, तो खरा मानायचा, हा नियम. मात्र नोड, म्हणजे नोंदवही सांभाळणारे संगणक, प्रत्येक ब्लॉक स्वतः तपासतात. नियम मोडणारा ब्लॉक कितीही काम करून बनवलेला असला, तरी तो फेटाळला जातो.

या नोंदी ‘बदलता येत नाहीत’ असे सर्रास म्हटले जाते, ते काटेकोरपणे खरे नाही. नाकामोतोने मांडलेले गणितच शक्यतेचे आहे. झालेला व्यवहार मागे फिरवू पाहणाऱ्या हल्लेखोराच्या यशाची शक्यता हजारात एकाहून कमी व्हावी, तर त्याच्याकडे १० टक्के संगणनशक्ती असताना पैसे घेणाऱ्याला ५ ब्लॉक थांबावे लागते, ३० टक्के असताना २४ आणि ४५ टक्के असताना ३४०. निम्म्याहून अधिक शक्ती त्याच्या हाती गेली, तर कितीही थांबून उपयोग नाही. इथेरियम क्लासिक या तुलनेने लहान साखळीवर ऑगस्ट २०२० मध्ये असे हल्ले यशस्वी झाले.

बिटकॉइनचा इतिहासही मागे फिरवला गेला आहे. १५ ऑगस्ट २०१० रोजी बेरजेच्या तपासणीतील दोषामुळे एका व्यवहारातून १८,००० कोटींहून अधिक नाणी निर्माण झाली. एकूण कमाल मर्यादा २.१ कोटींची असताना. काही तासांत दुरुस्त सॉफ्टवेअर आले आणि तो फाटा सोडून देण्यात आला. मार्च २०१३ मधील प्रसंग अधिक बोलका आहे. ०.८ या नव्या आवृत्तीने २,२५,४३० क्रमांकाचा ब्लॉक स्वीकारला, तर जुन्या आवृत्त्यांनी डेटाबेसमधील मर्यादेमुळे नाकारला. नवी साखळी लांब होती, तिच्यावर कामही जास्त झाले होते. तरीही विकासकांनी गप्पाकक्षात चर्चा करून मोठ्या मायनिंग पूलना (मायनरांच्या गटांना) जुन्या आवृत्तीकडे परतायला सांगितले, आणि पूलचालकांनी ब्लॉकचे बक्षीस सोडून ते मानले. त्यामुळे दोन डझन ब्लॉक वाया गेले. यंत्रांचे एकमत त्या रात्री माणसांनी ठरवले.

एकमताची दुसरी रीतही आहे. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या साखळीने १५ सप्टेंबर २०२२ रोजी कामाचा पुरावा सोडला. तेथे ३२ ईथर तारण ठेवणारे प्रमाणक ब्लॉक मांडतात आणि त्यांवर मत देतात. परस्परविरोधी मते दिल्यास तारणाला कात्री लागते. वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला.

या तंत्राचा वापर चलनाबाहेरही होतो. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये जातीच्या दाखल्यांची नोंद पॉलिगॉन या साखळीवर करण्यात आली. दाखल्यात मागाहून खाडाखोड झाली, तर ती अशा नोंदीवरून उघड होते. दाखला मुळात योग्य व्यक्तीला दिला होता का, याची पडताळणी मात्र पूर्वीप्रमाणे महसूल अधिकाऱ्यालाच करावी लागते.