पंखा फिरतो, पडदा काळा

२६ एप्रिल १९९९ म्हटलं की आपल्याला राजकारण आठवतं. एका मताने सरकार पडलं होतं आणि त्या सोमवारी बारावी लोकसभा बरखास्त झाली. त्याच दिवशी दक्षिण कोरिया, तुर्कस्तान, बांगलादेश आणि भारतातही असंख्य संगणक काम करता करता अडकले. लोकांनी ते बंद करून पुन्हा बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, पण पडदा काळाच.

हे काम सीआयएच नावाच्या व्हायरसचं होतं. तैपेईच्या तातुंग संस्थेत शिकणाऱ्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने तो लिहिला. नाव त्याच्याच आद्याक्षरांचं. चेरनोबिलचा अपघात १९८६ साली याच तारखेला झाला होता, म्हणून लोक त्याला चेरनोबिल व्हायरस म्हणू लागले. आकार जेमतेम एक किलोबाइट. विंडोज ९५ आणि ९८च्या प्रोग्रॅममधल्या रिकाम्या जागांत तो तुकड्यातुकड्यांनी बसायचा, त्यामुळे फाइलचा आकार वाढत नसे आणि कुणाला शंकाही येत नसे.

ठरलेल्या तारखेला तो दोन घाव घालायचा. पहिला हार्ड डिस्कवर, तिचा सुरुवातीचा एक मेगाबाइट पुसून टाकायचा. दुसरा बायोसवर. मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये प्रोसेसरसाठी पहिल्या सूचना लिहिलेल्या असतात: मेमरी तपास, पडदा जागा कर, डिस्क शोध. सीआयएच तिथे कचरा लिहायचा. प्रोसेसर जागा व्हायचा, पण पुढे करायचं काय हे सांगणारं कुणी नाही.

पूर्वी हे शक्यच नव्हतं. जुन्या चिपवरचा मजकूर पुसायचा तर ती काढून अतिनील प्रकाशाखाली ठेवावी लागे. नव्वदच्या दशकात फ्लॅश चिप आली आणि बायोस घरबसल्या बदलता येऊ लागला. सोय झाली खरी. पण अनेक बोर्डांवर ही चिप लिहिण्यासाठी उघडीच राहिली. जे दार मालकासाठी ठेवलं होतं, त्यातूनच चोर आत शिरला. माझ्या मते या प्रकरणात चेनइतकाच दोष त्या उघड्या दाराचाही आहे.

त्या काळात आमच्या शेजारी एका चाचांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, मदरशाच्या पावत्या, उर्दू-मराठी हँडबिलं. त्यांचंही मशीन असंच बसलं. रिपेअरवाल्याने नेहमीचे सगळे उपाय केले. रॅम काढून खोडरबराने घासली, केबली काढून पुन्हा लावल्या, एसएमपीएस बदलून पाहिला. शेवटी म्हणाला, "चाचा, बोर्ड जळाला." चाचांनी उधारीवर नवा बोर्ड घेतला, जुना भंगारात गेला.

वास्तविक काहीच जळालं नव्हतं. खूण साधी होती. पडद्यावर अक्षरं उमटून 'डिस्क सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश आला, तर बायोस शाबूत, मार डिस्कला बसलाय. पंखा फिरतो पण बीप नाही आणि अक्षरही नाही, अशा वेळी रॅम किंवा कार्डाचा दोष असू शकतो. पण त्या तारखेनंतर पहिला संशय बायोसवर घ्यायला हवा होता. चिप धड होती, फक्त तिच्यावरचा मजकूर गेला होता. अनेक बोर्डांवर ती सॉकेटमध्ये बसवलेली असे. जाणकार कारागीर तसाच दुसरा बोर्ड डॉसमध्ये सुरू करत, चालू मशीनमधूनच त्याची चिप अलगद उपटत, मेलेली चिप तिथे बसवत आणि तिच्यावर बायोस पुन्हा लिहीत. धोका होता, पण खर्च जवळजवळ शून्य. ही युक्ती फार थोड्यांना ठाऊक होती. बाकीच्यांच्या धडधाकट मशीनला मयत ठरवलं गेलं.

डिस्कचंही तेच. पुसला जाई तो फक्त आरंभ, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे हे सांगणारी यादी. फॅट-३२ पद्धतीच्या मोठ्या डिस्कवर या यादीची दुसरी प्रत पुढे असायची आणि ती बऱ्याचदा वाचायची. ढाक्यातल्या मोनिरुल इस्लाम शरीफ या विद्यार्थ्याने एमरिकव्हर नावाचा प्रोग्रॅम लिहून लोकांचा गेलेला डेटा परत मिळवून दिला. अमेरिकेत स्टीव्ह गिब्सन यांनी असाच एक प्रोग्रॅम फुकट वाटला. दोन विद्यार्थी, एक तैपेईचा आणि एक ढाक्याचा. पण चेनचं नाव आजही सगळीकडे सापडतं, शरीफचं मात्र मुद्दाम शोधावं लागतं.

चेनचं पुढे काय झालं? तो तेव्हा लष्करी सेवेत होता. तैवानमध्ये तक्रार करायला कुणी पुढे आलं नाही, म्हणून सुरुवातीला खटलाच उभा राहिला नाही. मदरबोर्ड कंपन्यांनी मात्र धडा घेतला. काहींनी बोर्डावर बायोसच्या दोन चिप बसवायला सुरुवात केली: एक बिघडली तर दुसरी मशीन उठवते.