पत्त्यांचा डाव आणि गुलाबी रंग: स्फोटाच्या जागेवरून संशोधनाचा एक धडा

बदलापूरहून सकाळची लोकल पकडत असाल, तर मांडीवर बॅग ठेवून पत्ते खेळणारा ग्रुप तुम्ही पाहिलाच असेल. आजची गोष्ट त्या पत्त्यांपर्यंत येणार आहे. पण सुरुवात जरा जड आहे.

१३ मार्च २००३. कर्जतला निघालेली संध्याकाळची लोकल मुलुंड स्टेशनात शिरत होती, तेव्हा महिलांच्या डब्यात बॉम्ब फुटला. किमान १० जणांचा जीव गेला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची माणसं याच गाड्यांनी घरी येतात, म्हणून ही तारीख आपल्याकडे अजून लक्षात आहे.

अशा डब्यात तपास करणाऱ्याच्या हाती काय लागतं? वाकलेला पत्रा, वायरींचे तुकडे, कपडे, काजळी. स्फोटक बहुतेक जळून गेलेलं असतं, उरतात ते फक्त अंश. आधी स्फोटाचं केंद्र ठरवायचं. मग कापसाच्या बोळ्याने पृष्ठभाग पुसून घ्यायचा. आरडीएक्ससारखी सेंद्रिय स्फोटकं ॲसिटोनमध्ये उतरतात, तर अमोनियम, नायट्रेट, क्लोरेट पाण्यात. पुढचं काम प्रयोगशाळेचं. आपल्या राज्यात न्यायसहायक प्रयोगशाळा १९५८ पासून आहे, तिचं मुख्यालय कालिन्याला.

आता एक जुनी चाचणी बघू. पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये डायझो संयुगं शोधली. त्याच रसायनावर आधारलेली ग्रीस चाचणी नायट्राइट ओळखते: नायट्राइट असेल तर द्रावण गुलाबी होतं. नायट्रोग्लिसरीन किंवा आरडीएक्सवर अल्कलीची क्रिया केली की नायट्राइट सुटतं, म्हणून ही चाचणी स्फोटकांसाठीही वापरात आली. स्वस्त, झटपट, जागेवर करता येणारी.

२१ नोव्हेंबर १९७४ ला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसं मेली. त्याच रात्री ट्रेनने निघालेल्या काही जणांना पकडून त्यांच्या हातांवर ग्रीस चाचणी केली गेली. काहींची गुलाबी आली. तज्ज्ञाने कोर्टात सांगितलं की स्फोटक हाताळल्याची आपल्याला ९९ टक्के खात्री आहे. सहा जणांना जन्मठेप झाली. पुढे दिसलं की नायट्रोसेल्युलोजचा लेप असलेल्या पत्त्यांमुळेही चाचणी गुलाबी येऊ शकते. आणि हे लोक गाडीत पत्ते खेळत बसले होते! १९९१ मध्ये शिक्षा रद्द झाली. तोवर त्यांची १६ वर्षं तुरुंगात गेली होती.

चाचणीने नायट्राइट दाखवलं, ते खरंच होतं. ते हातावर कुठून आलं, हा प्रश्न मात्र वेळेवर नीट विचारला गेला नाही.

हा प्रश्न आपल्या भागात लावून बघा. ग्रीसच्या शोधातूनच ॲझो रंगांचा उद्योग उभा राहिला आणि हे रंग बनवताना सोडियम नायट्राइट लागतं. म्हणजे रंग-रसायनांच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून आलेल्या कामगाराच्या हातावर ते असू शकतं. वालधुनीसारख्या सांडपाणी वाहणाऱ्या नदीकाठच्या मातीतही नायट्रेट-नायट्राइट सापडू शकतं. म्हणून तीच चाचणी अल्कली न घालताही करून बघावी लागते: तेव्हाही गुलाबी आली, तर नायट्राइट आधीपासूनच तिथे होतं. आणि स्फोटापासून दूरच्या स्वच्छ जागेचा नमुना, म्हणजे कंट्रोल सॅम्पल, घ्यावाच लागतो. आज मास स्पेक्ट्रोमीटर रेणू अचूक ओळखतो, पण बोळा मळका असेल तर तो मळच अचूक ओळखेल.

मालेगावचं उदाहरण ताजं आहे. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटात सहा जण गेले. ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं. इतर कारणांबरोबर न्यायालयाने हेही नोंदवलं की घटनास्थळाचं रेखाचित्र काढलेलं नव्हतं आणि नमुने दूषित झाले होते. स्फोट झाला हे सिद्ध झालं, बॉम्ब मोटारसायकलमध्ये होता हे नाही. जवळपास १७ वर्षं आरोपींनी खटला झेलला, आणि मेलेल्यांच्या घरच्यांना हे कुणी केलं याचं उत्तर मिळालं नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आणि पुरावा गोळा करतानाचं चित्रीकरण अपेक्षित आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे.

तुमचा विषय इतिहास असो की रसायन, पहिल्या दिवशी वहीत तीन रकाने आखा: नमुना कुठून घेतला, कुणाच्या हातातून गेला, तुलनेला काय ठेवलं. दप्तरखान्यातल्या कागदालाही हेच लागू आहे. गाईडने विचारलं आणि तिसरा रकाना रिकामा निघाला, तर निष्कर्ष लिहायची घाई करू नका. आधी परत जागेवर जा.