टू-स्ट्रोक डिझेल इंजिन: चालते कसे, आणि शेतातून गेले का?

शेतकरी मेळाव्यात फवारणी पंपांच्या मांडणीजवळ उभे राहिले की एक प्रश्न हमखास येतो. पेट्रोलवर चालणारा पाठीवरचा पंप टू-स्ट्रोक असतो, ब्रश कटर टू-स्ट्रोक असतो. मग विहिरीवरचे डिझेल इंजिन टू-स्ट्रोक का नसते? डिझेलमध्ये टू-स्ट्रोक बनतच नाही का?

बनते. न्हावा-शेवा बंदरात लागणारी मोठी कंटेनर जहाजे टू-स्ट्रोक डिझेल इंजिनावर चालतात. आपल्या रेल्वेची डब्ल्यूडीजी-४ ही मालगाडी ओढणारी डिझेल इंजिने टू-स्ट्रोकच आहेत. एके काळी युरोप-अमेरिकेतील शेतांतही असे ट्रॅक्टर चालत होते. ते तिथे टिकले नाहीत याचे मुख्य कारण इंधनात नाही, हवेत आहे. हवेचे हे गणित समजले तर तुमच्या विहिरीवरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाकडेही तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल, म्हणून हा लेख.

चार खेपांचे काम दोन खेपांत

स्ट्रोक म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टनची एक खेप, वरून खाली किंवा खालून वर. विहिरीवरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात पहिल्या खेपेला पिस्टन खाली येतो आणि हवा आत ओढतो. दुसऱ्या खेपेला वर जाऊन ती हवा दाबतो. दाबलेली हवा पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्याच वेळी नोझलमधून डिझेलचा फवारा येतो. ठिणगीची गरज नाही. तापलेल्या हवेतच डिझेल पेट घेते. तिसरी खेप ताकदीची. चौथ्या खेपेला पिस्टन वर येताना जळलेला धूर बाहेर ढकलतो. चार खेपा म्हणजे क्रँकशाफ्टचे दोन फेरे, आणि त्यात ताकद एकदाच मिळते. उरलेला वेळ जड फ्लायव्हील इंजिनाला ओढून नेते.

टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला ताकद मिळते. मग हवा घेणे आणि धूर काढणे ही दोन कामे केव्हा होतात? पिस्टन खालच्या टोकाजवळ असताना. सिलिंडरच्या भिंतीत खाली खिडक्या ठेवलेल्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली येताना त्या उघड्या पडतात, वर जाताना पुन्हा झाकल्या जातात. तेवढ्या अवधीत जुना धूर बाहेर आणि नवी हवा आत, असे दोन्ही व्हायला हवे.

हा अवधी किती, ते पाहा. १५०० फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनाचा एक फेरा ४० मिलिसेकंदांत होतो. फोर-स्ट्रोकला धूर काढायला आणि हवा घ्यायला मिळून एक पूर्ण फेरा, म्हणजे ४० मिलिसेकंद मिळतात. टू-स्ट्रोकला फेऱ्याचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे १३ मिलिसेकंदांच्या आसपास. शिवाय फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन स्वतः हवा ओढतो आणि धूर ढकलतो. टू-स्ट्रोकमध्ये त्या वेळी पिस्टन तळाशी असतो, तो ना ओढू शकतो ना ढकलू शकतो. हवा बाहेरून दाबानेच आत घालावी लागते. म्हणूनच दर फेऱ्याला ताकद मिळूनही त्याच मापाच्या इंजिनाची शक्ती प्रत्यक्षात दुप्पट होत नाही.

हवा कोण ढकलणार?

स्वस्त उपाय म्हणजे क्रँककेस. पिस्टन खाली येताना त्याच्या पोटाखालची हवा दाबली जाते आणि वेगळ्या वाटेने वर सिलिंडरमध्ये जाते. तुमचा फवारणी पंप असाच चालतो. क्रँककेसमधून हवा आणि पेट्रोल जाणार, म्हणून तिथे नेहमीसारखे ऑइल भरून ठेवता येत नाही. बेअरिंग आणि पिस्टनला वंगण मिळावे म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. ‘टू-स्ट्रोक म्हणजे ऑइल मिसळायचे’ हा समज इथून आला आहे. तो सगळ्या टू-स्ट्रोकला लागू नाही. जहाजाच्या किंवा रेल्वेच्या टू-स्ट्रोक डिझेलमध्ये कोणी इंधनात ऑइल मिसळत नाही.

क्रँककेसची अडचण अशी की ती हवा पुरत नाही. सिलिंडर नीट धुऊन निघायला त्याच्या आकारमानापेक्षा जास्त हवा लागते, आणि क्रँककेसमधून मिळते ती कमीच. डिझेलला हवा कमी पडली की काळा धूर ठरलेला. म्हणून चांगल्या टू-स्ट्रोक डिझेलला वेगळा ब्लोअर जोडतात. इंजिनाच्याच ताकदीवर दोन फिरकीदार रोटर फिरतात आणि हवा सिलिंडरमध्ये लोटतात.

एका बाबतीत मात्र डिझेल टू-स्ट्रोकला पेट्रोलपेक्षा अधिक मानवते. पेट्रोलच्या टू-स्ट्रोकमध्ये धूर बाहेर जाताना ताज्या मिश्रणातील थोडे पेट्रोलही न जळता निघून जाते. डिझेलमध्ये आत येते ती नुसती हवा. डिझेल फवारले जाते ते पोर्ट बंद झाल्यावर. त्यामुळे बाहेर गेलीच तर हवा जाते, इंधन नाही.

हवा कोणत्या वाटेने फिरते यालाही महत्त्व आहे. वाफ्याचे उदाहरण घ्या. पाटाचे पाणी एका टोकाने सोडून दुसऱ्या टोकाने काढले तर सगळा वाफा भिजतो. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची तोंडे एकाच बाजूला ठेवली तर लांबचा कोपरा कोरडा राहतो. सुरुवातीच्या टू-स्ट्रोक इंजिनांत हवा आणि धूर दोघांचे पोर्ट खालीच होते, त्यामुळे वरच्या कोपऱ्यात जुना धूर साचून राही. पुढे खालच्या पोर्टमधून हवा आणि वर डोक्यात बसवलेल्या झडपांतून धूर, अशी सरळ वाट काढली गेली. तिला युनिफ्लो म्हणतात. आज जहाजे आणि रेल्वेतील टू-स्ट्रोक डिझेल याच पद्धतीची आहेत.

ऑग्सबर्गपासून शेतापर्यंत

रुडॉल्फ डिझेल यांचे १८९७ साली जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे यशस्वी ठरलेले पहिले इंजिन फोर-स्ट्रोक होते. टू-स्ट्रोकची कल्पना त्याच्याही आधीची. स्कॉटलंडचे डुगाल्ड क्लार्क यांनी गॅसवर चालणारे टू-स्ट्रोक इंजिन तयार केले होते, आणि क्रँककेसमधून हवा ढकलण्याची सोपी रचना १८९० च्या सुमारास इंग्लंडच्या जोसेफ डे यांनी केली. या दोन कल्पना डिझेलशी जोडण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीने जहाजांसाठी टू-स्ट्रोक डिझेल बनवले.

शेतात ही पद्धत आली ती जर्मनीतील मानहाइम येथील लान्झ कंपनीच्या ‘बुलडॉग’ ट्रॅक्टरमधून, १९२१ साली. फ्रित्झ हुबर यांनी आखलेल्या या ट्रॅक्टरला एकच आडवा सिलिंडर होता, सहा लिटरपेक्षा मोठा, आणि ताकद केवळ १२ अश्वशक्ती. ते खऱ्या अर्थाने डिझेल नव्हते. सिलिंडरच्या तोंडाशी लोखंडी गोळा असे, तो ब्लो लँपने लाल होईपर्यंत तापवायचा आणि त्याच्या उष्णतेवर इंधन पेटवायचे. गंमत म्हणजे पहिल्या बुलडॉगला रिव्हर्स गिअर नव्हता. मागे जायचे असेल तर इंजिनच उलटे फिरवत. पोर्टवर चालणाऱ्या टू-स्ट्रोकला सुलटे आणि उलटे सारखेच, म्हणून ते जमत असे. कसलेही हलके तेल चाले, झडपा नाहीत, बिघडायला फारसे काही नाही. शेतकऱ्यांना हा ट्रॅक्टर आवडला यात नवल नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये ‘फील्ड मार्शल’ आला. हाही एका आडव्या सिलिंडरचा टू-स्ट्रोक, पण खरा डिझेल. तो सुरू करायला धुमसणारा कागद सिलिंडरच्या डोक्यात बसवून हँडल मारावे लागे, किंवा बंदुकीच्या काडतुसासारखे काडतूस उडवावे लागे.

अमेरिकेत वेगळी वाट निघाली. जनरल मोटर्सने १९३८ साली ‘७१’ मालिका आणली. प्रत्येक सिलिंडर ७१ घनइंच, म्हणजे सुमारे १.१६ लिटर, ब्लोअर, युनिफ्लो आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर. एकच पिस्टन, एकच लायनर, फक्त सिलिंडरांची संख्या कमी-जास्त. ट्रक, बस, नौका, रणगाडे, सगळीकडे ही इंजिने गेली. १९५० च्या दशकात ऑलिव्हर कंपनीच्या ‘सुपर ९९’ ट्रॅक्टरमध्येही तीन सिलिंडरचे ३-७१ बसले. त्याचा आवाज फार मोठा होता.

मग शेतातून का गेले?

पहिले कारण किंमत. पाच अश्वशक्तीच्या पंपसेटला ब्लोअर लावायचा म्हणजे बैलापेक्षा नांगर महाग. ब्लोअर फिरवायलाही इंजिनाचीच ताकद खर्च होते. ब्लोअर नको तर क्रँककेस, आणि क्रँककेस म्हटले की कमी हवा, जास्त धूर, जास्त ऑइल.

दुसरे कारण झीज. पोर्टवरून पिस्टनच्या रिंगा सतत घासत जातात आणि तिथले थोडे ऑइल हवेबरोबर निघून जळते. दर फेऱ्याला जाळ होत असल्याने पिस्टनला थंड व्हायला उसंत मिळत नाही. मोठ्या इंजिनात यावर उपाय करणे परवडते, लहानात नाही.

तिसरे कारण धुराचे नियम. जळलेल्या ऑइलमुळे टू-स्ट्रोकला हे नियम पाळणे अवघड जाते. डेट्रॉइट डिझेलने १९८७ साली ट्रकसाठी ‘सीरिज ६०’ हे फोर-स्ट्रोक इंजिन आणले आणि जुन्या टू-स्ट्रोक मालिका हळूहळू मागे पडल्या. अमेरिकी रेल्वेसाठी २०१५ नंतरचे कडक नियम आले तेव्हा ईएमडी कंपनीलाही तिथल्या नव्या मॉडेलसाठी फोर-स्ट्रोककडे वळावे लागले.

आपल्याकडे शेतात ही लाट आलीच नाही असे म्हणायला हरकत नाही. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, राजकोटकडे लिस्टर पद्धतीची संथ इंजिने बनू लागली, आणि ती सगळी फोर-स्ट्रोक होती. माझ्या मते हे बरेच झाले. गावातला मिस्त्री झडपा घासू शकतो. ब्लोअरचे रोटर जुळवणे त्याच्या हातातले काम नव्हते.

जिथे इंजिन मोठे, वेग संथ आणि भार कायम, तिथे मात्र टू-स्ट्रोक आजही राजा आहे. जहाजाचे इंजिन मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे घेते, त्यामुळे हवा बदलायला भरपूर वेळ मिळतो. २००६ च्या ‘एम्मा मर्स्क’ जहाजावरचे १४ सिलिंडरचे इंजिन ८० हजार किलोवॉटचे आहे. अशी इंजिने इंधनातील जवळपास निम्मी ऊर्जा कामाला लावतात.

तुमच्या शेडमधल्या इंजिनासाठी

आधी आपले यंत्र ओळखा. नोझल आणि फ्युएल पंप दिसला तर डिझेल, स्पार्क प्लग दिसला तर पेट्रोल. पेट्रोलच्या यंत्राला ऑइल तपासायची वेगळी डिपस्टिक किंवा ऑइल भरायचे झाकण असेल तर ते फोर-स्ट्रोक. त्यात साधे पेट्रोल. नसेल तर टू-स्ट्रोक. त्यात टूटी ऑइल मिसळलेले पेट्रोलच घालावे. हल्ली पाठीवरचे पंप आणि ब्रश कटर दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून शेजाऱ्याला विचारून भरू नये. टू-स्ट्रोकमध्ये एकदाच साधे पेट्रोल घालून तासभर चालवले तरी पिस्टन जाम होऊ शकतो. प्रमाण कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिली ऑइल, ५० ला १ असेल तर २० मिली. विहिरीवरच्या इंजिनाच्या डिझेलमध्ये मात्र टूटी ऑइल घालू नये; त्याची गरज नाही.

आता हवेकडे या. टू-स्ट्रोक डिझेल वापरणारे एका धोक्याला फार घाबरत: ब्लोअरचे सील झिजले की ऑइल हवेबरोबर सिलिंडरमध्ये शिरे, आणि इंजिन डिझेल बंद केले तरी त्या ऑइलवर सुसाट सुटे. म्हणून ‘७१’ मालिकेच्या इंजिनांना हवेची वाट बंद करणारी आपत्कालीन झडप देत असत.

हाच धोका तुमच्या फोर-स्ट्रोक इंजिनालाही आहे. ऑइल बाथ एअर क्लीनरमध्ये खुणेच्या वर ऑइल भरले तर ते हवेबरोबर आत ओढले जाते आणि इंजिन बेफाम होते. ‘थोडे जास्त असले तर काय बिघडते’ असे म्हणून भरणारे मी अनेक पाहिले आहेत. ऑइल खुणेपर्यंतच भरावे. मळणीच्या आणि उन्हाळी नांगरटीच्या दिवसांत ते रोज पाहावे. तळाशी गाळ दिसला की बदलावे. कमी ऑइल असेल तर धूळ थेट आत जाते आणि लायनर, रिंगा खाते.

इंजिन सुटलेच तर फ्लायव्हील आणि पट्ट्याच्या रेषेत उभे राहू नये. चालू पंपाचा भार काढू नये; भार गेला की वेग आणखी वाढतो. आधी स्टॉप लिव्हर ओढावा. तरीही वेग उतरला नाही तर इंजिन ऑइलवर चालले आहे असे समजावे आणि हवेची वाट बंद करावी: एअर क्लीनर किंवा इनटेकच्या तोंडावर सपाट फळी घट्ट दाबावी. हात किंवा सुटे फडके लावू नये, ते आत ओढले जाते. डीकॉम्प्रेशन लिव्हरपर्यंत सुरक्षितपणे हात पोहोचत असेल तर तोही उचलावा. जवळ जाणेच धोक्याचे वाटले तर सगळ्यांना लांब न्यावे. इंजिन मोडले तर मोडू द्यावे.

थांबल्यावर ते लगेच पुन्हा सुरू करू नये. एअर क्लीनर उघडून ऑइलची पातळी पाहावी, इनटेक पाइपमध्ये साचलेले ऑइल पुसून काढावे, क्रँककेसमध्ये ऑइल जास्त भरले आहे का ते डिपस्टिकवर तपासावे, आणि गव्हर्नर व फ्युएल पंपाचा रॅक मोकळा हलतो का हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे.