सात दिवसांच्या प्रश्नाची कुळकथा

नेसरी गावातली एखादी बाई घ्या. आठवड्यातले चार दिवस घरच्या भाताची भांगलण, एक दिवस दुसऱ्याच्या रानात रोजगारानं, उरलेले दोन दिवस काम मिळालं तर हवं होतं, पण मिळालं नाही. आता ती कामावर की बेकार?

बेरोजगारी मोजणाऱ्यांना या प्रश्नानं फार छळलं. सगळ्यांना विचारणं तर शक्य नसतं. थोड्या नमुन्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायची रीत आपल्याकडे आधी पिकांवर पारखली गेली. बंगालात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी ताग मोजला. सातारा जिल्ह्यातल्या बुधच्या पां. वा. सुखात्मे यांनी पीक-कापणीच्या प्रयोगांना शास्त्राची बैठक दिली. 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि तीच रीत माणसांना लागू झाली. निवडलेलं एक घर न निवडलेल्या कितीतरी घरांच्या वतीनं बोलतं. निवडीची शक्यता जितकी कमी, तितका त्याचा गुणक, म्हणजे ते जितक्या घरांच्या वतीनं बोलतं तो आकडा, मोठा.

पण विचारायचं काय? अमेरिकेत 1940 पासून एका ठरावीक आठवड्याबद्दल विचारत. पगारदार देशात ते भागतं. जिथं माणूस दिवसागणिक शेतकरी, मजूर आणि रिकामा असतो, तिथं नाही. बेरोजगारीचे अंदाज तपासायला नेमलेल्या प्रा. दांतवाला समितीनं 1970 मध्ये एकच आकडा देण्याचा हट्ट सोडायला सांगितलं, हे तिचं मोठंच काम. त्यातून ऑक्टोबर 1972 मध्ये सुरू झालेल्या पाहणीच्या फेरीत तीन मापं आली: वर्षाचं, आठवड्याचं, दिवसाचं.

आठवड्याच्या मापात कुठल्याही एका दिवशी तासभर काम पुरतं, म्हणून आपली बाई कामावर. दिवसाच्या मापात तिचे पाच दिवस कामाचे, दोन बेकारीचे. 2025 पासून दरमहा जाहीर होणारा बेरोजगारीचा दर हा आठवड्याच्या मापाचा असतो. ते दोन दिवस त्यात दिसत नाहीत. नेसरीचा वेगळा दरही त्यातून निघत नाही, इतका बारीक नमुना तो नव्हे. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं, त्यामुळे मुंबईला गेलेला मुलगा इथं धरत नाहीत.

खरी गळती मात्र उंबऱ्यावर होते. घरातल्या एकानं सगळ्यांची उत्तरं दिली तरी चालतं, आणि कर्ता पुरुष सहज सांगतो, "ती घरीच असते." तेवढ्यावर तिच्या नावापुढे घरकामाचा संकेतांक पडतो. म्हणून पाहणी करणाऱ्यानं तिलाच समोर बोलावून विचारायला हवं: सोमवारी तुम्ही रानात गेला होतात का? मंगळवारी?