लीलावतीच्या घटिकापात्राची कथा : प्रामाण्याचा विचार

लीलावतीच्या विवाहाची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. मुहूर्त साधण्यासाठी भास्कराचार्यांनी घटिकापात्र पाण्यावर ठेवले. कन्या कुतूहलाने त्यात डोकावली. तिच्या अलंकारातील मोती पात्रात पडून छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला. कन्येच्या सांत्वनासाठी पित्याने तिच्या नावे ग्रंथ रचला, असा कथेचा शेवट आहे. भास्कराचार्यांचा संबंध जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावनजीकच्या पाटणे गावाशी जोडला जात असल्याने खानदेशात ही कथा विशेष जिव्हाळ्याची झाली आहे. म्हणूनच तिचे प्रामाण्य तपासणे अगत्याचे आहे.

प्रथम यंत्राचा विचार करू. तळाशी छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर ठेवावे व ते बुडाले की एक घटिका झाली असे मानावे, ही रीत प्राचीन आहे. साठ घटिकांचे अहोरात्र होते. म्हणजे एक घटिका २४ मिनिटांची. भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायात या यंत्राचे वर्णन केले असून, अहोरात्रात पात्र जितक्या वेळा बुडेल त्या संख्येने अहोरात्रास भागून पात्राचे मान ठरवावे, असे सांगितले आहे. छिद्र बुजल्यास पात्र बुडणार नाही, हे उघड आहे. परंतु घटना संभाव्य असणे निराळे व ती घडल्याचे सिद्ध होणे निराळे.

दुसरा प्रश्न आधाराचा. 'सिद्धांतशिरोमणी' शके १०७२ (इ. स. ११५०) मधील आहे. कथेचा ज्ञात असा सर्वांत जुना लेखी आधार म्हणजे अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली केलेल्या 'लीलावती'च्या फारसी भाषांतराची प्रस्तावना. दोहोंत ४३७ वर्षांचे अंतर पडते. मूळ ग्रंथात लीलावतीस 'बाले' असे संबोधन आहे, तसेच 'कान्ते' असेही आहे. अन्यत्र 'सखे', 'मित्र' अशी संबोधने येतात. 'कान्ते' हे संबोधन पित्याने कन्येस योजावे, हे संभवत नाही. सबब ग्रंथावरून लीलावती ही कन्या ठरत नाही.

याच्या उलट पाटण्याचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी प्राचीन ज्योतिर्विदांचा काल व त्यांच्या ग्रंथांचा अस्सलपणा यांवरील आपल्या १८६५ च्या निबंधात तो पुढे आणला. कीलहॉर्न यांनी पुढे त्याचे संपादन केले. त्यात त्रिविक्रमापासून महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर व चांगदेव अशी वंशावळ आहे. नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला व निकुंभवंशीय सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्यास दान दिले, असे लेख सांगतो. दानप्रसंगी चंद्रग्रहणाचा निर्देश असल्याने तो काल गणितानेही पडताळता येतो. लीलावतीचे नाव त्यात नाही. मात्र वंशावळ पुरुषांचीच असल्याने या मौनावरून ती नव्हतीच, असा निष्कर्ष काढणे युक्त नव्हे.

अस्सल कागदावाचून विधान करू नये, हा दंडक वि. का. राजवाडे यांनी घालून दिला; त्यांचे देहावसान १९२६ साली धुळ्यासच झाले. त्या दंडकाने पाहता मोत्याची कथा इतिहासाच्या पदरात घालता येत नाही. तथापि त्यामुळे खानदेशाचे काही उणे होत नाही. टळलेल्या मुहूर्तापेक्षा, गणिताच्या अध्ययनासाठी चालविलेला मठ ही या भूमीची अधिक भरवशाची मिरास होय.