पेनी आणि दीनार

विद्यार्थी मित्रहो, पेनी हे इंग्लंडचे नाणे. पण १९७१ पर्यंत हिशेबात पेनीची खूण ‘पी’ नव्हे, ‘डी’ अशी लिहीत, हे तुम्हास ठाऊक आहे काय? हा ‘डी’ रोमन लोकांच्या ‘डिनेरियस’ या चांदीच्या नाण्याचा. अरबांचा ‘दीनार’ हा शब्दही त्याच मुळातून आला. म्हणजे पेनी आणि दीनार यांचे जुने नाते आहे.

आठव्या शतकात इंग्लंडमधील मर्सियाचा राजा ऑफा याने चांदीच्या पेनी पाडल्या. अशा २४० पेनींचा एक पौंड, हा हिशेब १९७१ पर्यंत चालला. याच ऑफाचे एक सोन्याचे नाणे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते खलिफा अल-मन्सूर यांच्या काळातील हिजरी १५७ (इ. स. ७७३-७४) च्या दीनाराची नक्कल आहे. त्यावर अरबीत अल्लाहच्या एकत्वाची ग्वाही आहे, आणि मध्येच लॅटिनमध्ये ‘ऑफा राजा’ असे कोरले आहे. मात्र अरबी मजकूर सुलट धरला, की राजाचे नाव उलटे दिसते! अरबी अक्षरांतही चुका आहेत. कारागिराचा हात कुशल होता, पण समोरचा मजकूर त्याला वाचता येत नव्हता, हे उघड आहे.

पालकहो, आपली मुले धडे सुंदर अक्षरात उतरवून काढतात, पाठही करतात. त्यांचा अर्थ मुलांना कळला काय, एवढे रोज विचारीत चला. नक्कल हाताने होते. विद्येला समज लागते.