मातीचे लहान धरण : इतिहास आणि बोध

धरण म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे कोयना अथवा भाक्रा उभे राहते. परंतु एका लहानशा मातीच्या धरणाची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात वॉशिटा नदीचे खोरे आहे. एप्रिल १९३४ मध्ये तेथील पुरात हॅमन गावची १७ माणसे दगावली. पूर जन्म घेतो तो ओढ्यानाल्यांत. तेव्हा त्यास तेथेच अडवावे, हा विचार पुढे आला. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याने त्यास मान्यता मिळाली आणि जुलै १९४८ मध्ये कॉर्डेल गावाजवळ क्लाउड क्रीक या ओढ्यावर अशा पद्धतीचे पहिले धरण पुरे झाले. पुढे त्या देशात अशी ११,००० हून अधिक धरणे उभी राहिली.

याची युक्ती साधी आहे. तलावाचा बराच भाग रिकामा ठेवावयाचा. पाऊस कोसळला की पाणी तुंबते व बांधाच्या पोटातील नळाने हळूहळू सुटते. त्याहूनही अधिक आले तर बाजूच्या गवताळ सांडव्याने निघून जाते. बांधाच्या माथ्यावरून मात्र पाणी जाता कामा नये. माती ते सोसत नाही.

मातीस निगाही हवी. यांतील पुष्कळ धरणे ५० वर्षांच्या हिशेबाने बांधलेली; म्हणून सन २००० मध्ये त्यांच्या दुरुस्तीसाठी तेथे कायदा करावा लागला.

आपल्याकडे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटून पुण्यात हाहाकार उडाला. तिवऱ्याची (ता. चिपळूण) गोष्ट तर कालपरवाची. तेथील लहान धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, भेंदवाडी वाहून गेली आणि वीसाहून अधिक जीव गेले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

आपली कुटुंबे गावोगावी आहेत. बहुतेकांच्या शिवारात एखादा पाझर तलाव असतोच. त्याच्या बांधावर झाडे वाढू देऊ नयेत, घुशींची बिळे बुजवून घ्यावीत, सांडवा मोकळा ठेवावा. पायथ्याशी स्वच्छ पाणी पाझरले तर लक्ष ठेवावे. गढूळ पाझरले तर आतील माती वाहू लागली असे समजून तत्काळ वर्दी द्यावी आणि खालची वस्ती हलवावी. आमच्या तरुण अभियंत्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर एक फेरी बांधावरून मारावी, एवढीच विनंती.